कृष्णा भानजीचा बेन किंग्जले का झाला?

२ ऑक्टोबर जवळ आला की कुठल्या तरी चॅनलवर 'गांधी' हमखास लागतो. घरातली मोठी माणसं तो कितव्यांदा तरी पाहत असतात. लहान मुलं मात्र पहिल्यांदा बघतात आणि चकित होतात. चालणं तसंच, हसणं तसंच, काठी धरायची पद्धतही तशीच. मग पडद्यावर नाव येतं, बेन किंग्जले, आणि मुलं विचारतात, "हे तर इंग्रजी नाव आहे. गांधीजींचं काम इंग्रज माणसानं केलं?"

हो, केलं. माणूस इंग्रजच. जन्म इंग्लंडचा, आई इंग्रज, मातृभाषा इंग्रजी. पण जन्माच्या वेळचं त्याचं नाव होतं कृष्णा पंडित भानजी. आणि वडिलांचं नाव रहीमतुल्ला हरजी भानजी.

कृष्णा आणि रहीमतुल्ला ही दोन नावं एका घरात कशी आली, आणि ती सोडून बेन किंग्जले हे तिसरंच नाव का घ्यावं लागलं, हे समजून घेण्यासारखं आहे. नोकरीच्या अर्जावर किंवा भाड्याच्या घरासाठी फोन करताना आपलं नाव सांगण्याआधी क्षणभर थांबावं लागलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

झांझिबारच्या लवंगा, यॉर्कशायरचं गाव

किंग्जले यांचं वडिलांकडचं घराणं गुजराती खोजा इस्माइली. गुजरात आणि कच्छच्या किनाऱ्यावरचे खोजा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात. त्यांचे आजोबाही असेच झांझिबारला गेले आणि मसाल्याच्या व्यापारात उतरले. झांझिबार म्हणजे लवंगांचं बेट. तिथे आजोबांचा चांगला जम बसला.

आता नावाचं कोडं. रहीमतुल्ला हे नाव आपल्या ओळखीचं, पण मधलं हरजी आणि शेवटचं भानजी? मुंबईतल्या भेंडी बाजार, डोंगरी भागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. खोजा समाजात जुनी गुजराती नावं आणि मुस्लिम नावं बराच काळ शेजारी शेजारी नांदली. मोहम्मद अली जिना यांचा जन्मही खोजा घराण्यातला, आणि त्यांच्या वडिलांचं नाव होतं जिनाभाई पुंजा. इस्माइली खोजांच्या 'गिनान' या भक्तिगीतांतही गुजराती, सिंधी, हिंदी शब्द आणि स्थानिक कल्पना एकत्र येतात. नावावरून माणसाचा अंदाज बांधणाऱ्याची इथे पंचाईत होते.

रहीमतुल्ला चौदाव्या वर्षी इंग्लंडला आले. तिथेच शिकले आणि डॉक्टर झाले. आई ॲना लीना मेरी, माहेरची गुडमन. ती अभिनेत्री आणि मॉडेल होती. ३१ डिसेंबर १९४३ रोजी यॉर्कशायरमधल्या स्कारबरोजवळच्या स्नेनटन या गावी कृष्णाचा जन्म झाला. बालपण गेलं मँचेस्टरजवळच्या पेंडलबरीत. शिक्षण मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. वडिलांचं घराणं इस्माइली होतं म्हणून किंग्जले यांना 'मुस्लिम अभिनेता' म्हणण्याची घाई करू नये. ते स्वतः तशी ओळख सांगत नाहीत. आपल्याकडे कुणी मोठा झाला की त्याला लगेच आपल्या खात्यात जमा करायची सवय असते. ही गोष्ट त्यासाठी नाही. ती नावाची आहे, आणि नाव ऐकून दार उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्यांची आहे.

रस्ता ओलांडला आणि काम मिळालं

विशीच्या सुमारास कृष्णानं स्ट्रॅटफर्डला 'तिसरा रिचर्ड' हे शेक्सपिअरचं नाटक पाहिलं. मुख्य भूमिकेत इयान होम होते. त्या प्रयोगानं आपल्याला हलवून सोडलं आणि नटच व्हायचं हे तिथे पक्कं झालं, असं किंग्जले सांगतात. आधी हौशी रंगभूमी, मग छोटी-मोठी कामं. ते गिटार वाजवत, गाणी रचत. बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एपस्टाईन यांनी १९६६ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आणलेल्या एका नाटकात ते गायलेही होते. संगीतातच पुढे जा, असा सल्ला त्यांना तेव्हा मिळाला होता. त्यांनी तो ऐकला नाही.

नाव बदलायचं ठरलं ते याच दशकात. हा किस्सा किंग्जले यांनी मुलाखतींत सांगितला आहे. कृष्णा भानजी या नावानं त्यांनी एक ऑडिशन दिली. समोरच्यांनी कौतुक केलं, काम सुंदर झालं म्हणाले. पण येत्या हंगामात तुम्हाला कुठे बसवायचं ते कळत नाही, असंही म्हणाले. नाव बदलून ते दुसऱ्या दारात गेले, तर तिथे एकच प्रश्न आला: कधीपासून येताय?

तोच चेहरा, तोच आवाज, तीच तयारी. बदललं होतं फक्त नाव.

हा नकार कसा आला तेही पाहण्यासारखं आहे. कुणी शिवी दिली नाही, 'तुमचे लोक नकोत' असंही कुणी म्हटलं नाही. उलट स्तुती केली आणि दार लावून घेतलं. असा गोड नकार ज्यानं अनुभवला आहे त्याला तो लगेच ओळखू येतो. 'घर छान आहे हो, पण मालकांनी कालच दुसऱ्याला शब्द दिला.' याविरुद्ध तक्रार करणार तरी कुठे? कुणी काही वाईट बोललेलंच नसतं.

नवं नाव मात्र हवेतून आलेलं नव्हतं. लवंगांच्या व्यापारामुळे झांझिबारमध्ये आजोबांना लोक 'लवंगांचा राजा' म्हणत. इंग्रजीत राजा म्हणजे किंग. त्यावरून आलं किंग्जले. आणि बेन हे वडिलांच्या शाळेतल्या टोपणनावावरून. नाव बदलायला वडिलांचा विरोध नव्हता. वरून पाहणाऱ्याला ते अस्सल इंग्रजी वाटतं, पण आत आजोबा आणि वडील दोघंही आहेत.

आपल्याकडेही हे घडलंच आहे. युसुफ खानचे दिलीप कुमार झाले, मुमताज जहाँची मधुबाला झाली, महजबीनची मीना कुमारी. त्यामुळे किंग्जले यांनी केलं ते चूक की बरोबर, हा निवाडा घरात बसून देणं सोपं नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला काम हवं होतं. तडजोड त्यानं केली. पण ती करायला लावणारे दुसरे होते.

पंधरा वर्षं रंगभूमीवर

पुष्कळांना वाटतं की किंग्जले यांची कारकीर्द 'गांधी'पासून सुरू झाली. खरं तर त्याआधीची जवळपास पंधरा वर्षं त्यांनी रंगभूमीवर घालवली होती. १९६७ मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. ही इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या नाटक कंपन्यांपैकी एक. १९७० मध्ये पीटर ब्रूक यांनी तिथे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवलं. जंगल नाही, झाडं नाहीत. नुसती पांढरी खोली आणि सर्कशीसारखे झुले. विसाव्या शतकातल्या गाजलेल्या प्रयोगांत त्याची गणना होते. त्यात किंग्जले डेमेट्रियस होते.

१९७५ मध्ये त्यांनी हॅम्लेट केला तो कंपनीच्या छोट्याशा, पत्र्याच्या शेडवजा नाट्यगृहात. दिग्दर्शिका होत्या बझ गुडबडी. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. अशा जागी आरडाओरडा करून भागत नाही, डोळ्यांत खोटं असेल तर ते पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसतं. पुढे कॅमेऱ्यासमोर हीच शिस्त त्यांच्या कामी आली. १९८० च्या 'निकोलस निकल्बी'त त्यांनी मुलांना छळणारा क्रूर शाळामास्तर स्क्वियर्स केला.

सिनेमात मात्र तोवर जवळजवळ शून्य. १९७२ मधल्या 'फिअर इज द की'तली एक भूमिका सोडली तर मोठ्या पडद्यावर त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

आणि मग 'गांधी'

दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो वीस वर्षं या चित्रपटाच्या मागे होते. पैसा उभा राहत नव्हता आणि नट मिळत नव्हता. त्यांचा मुलगा मायकेल रंगभूमीवरचा दिग्दर्शक. त्यानं वडिलांना किंग्जले यांचं नाव सुचवलं. किंग्जले यांनी वजन उतरवलं, शाकाहार धरला, योगासनं केली, चरख्यावर सूत काढायला शिकले.

हा चित्रपट आपल्या महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. कस्तुरबांचं काम पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी केलं आणि त्यासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्ता पुरस्कार मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू. वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जिनांच्या भूमिकेत होते मुंबईचे अॅलेक पदमसी. पदमसीही खोजा घराण्यातले. म्हणजे पडद्यावर गांधी आणि जिना समोरासमोर बसतात तेव्हा दोन्ही नटांची मुळं एकाच समाजात आहेत.

आणखी एक धागा पुण्यातच सापडतो. कस्तुरबांनी शेवटचा श्वास घेतला तो २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत असताना. ती वास्तू उभारली होती सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान यांनी. इस्माइलींचे इमाम. किंग्जले यांच्या वडिलांच्या घराण्याचेही इमाम तेच.

अंत्ययात्रेचा प्रसंग ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाला. १९४८ मध्ये प्रत्यक्ष अंत्ययात्रा निघाली तीही ३१ जानेवारीलाच. ३ लाखांहून अधिक माणसं त्या दिवशी जमली होती. चित्रपटाचा पहिला खेळ ३० नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीत झाला. पुढच्या वर्षीच्या ऑस्करमध्ये 'गांधी'ला आठ पुरस्कार मिळाले. सर्वोत्तम अभिनेत्याच्या यादीत डस्टिन हॉफमन, पॉल न्यूमन, जॅक लेमन आणि पीटर ओटूल होते. पुरस्कार मिळाला बेन किंग्जले यांना. १९८४ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

यातला विरोधाभास खुद्द किंग्जले यांनीच बोलून दाखवला आहे. भारतीय नाव अडचणीचं ठरतं म्हणून ते सोडलं, आणि जगानं ओळखलं ते एका भारतीयाची भूमिका केल्यावर. कृष्णा भानजी नावाच्या तरुणाला कुठे बसवायचं ते कळत नव्हतं. बेन किंग्जले नावाच्या माणसाला थेट महात्मा गांधींच्या जागी बसवलं.

गांधींनंतर काय?

एवढी मोठी भूमिका झाली की नट त्यातच अडकतो. लोक त्याला दुसऱ्या कशात बघायला तयार होत नाहीत. किंग्जले पुन्हा रंगभूमीवर गेले. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नट एडमंड कीन याच्यावरचा एकपात्री प्रयोग केला. १९८५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत ऑथेल्लो केला. ऑथेल्लो हा 'मूर', म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा माणूस. व्हेनिसच्या फौजेचा सेनापती. शहराला त्याची तलवार हवी असते, पण जावई म्हणून तो नको असतो. चारशे वर्षांपूर्वीचं हे नाटक आजही जुनं वाटत नाही ते यामुळेच.

सिनेमात त्यांनी दोन टोकं गाठली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९३ च्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये ते इत्झाक स्टर्न हा ज्यू हिशेबनीस झाले. टाइपरायटरवर एकेक नाव उतरवत माणसं वाचवणारा. पुढे ॲन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक त्यांनी केले, आणि २०१८ मध्ये ज्यूंच्या कत्तलीतला नाझी अधिकारी आइकमनही. २००० च्या 'सेक्सी बीस्ट'मध्ये ते लंडनचा शिवराळ, अंगावर काटा आणणारा गुंड होते. ज्यांनी फक्त 'गांधी' पाहिला आहे त्यांना हा तोच माणूस आहे हे पटणार नाही. 'बग्सी', 'सेक्सी बीस्ट' आणि 'हाउस ऑफ सँड अँड फॉग' या तिन्हींसाठी त्यांना पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं. सन २००२ मध्ये 'सर' हा किताबही मिळाला.

आपल्या वाचकांनी यातल्या तीन भूमिकांकडे जरा थांबून पाहावं.

पहिली, २००३ च्या 'हाउस ऑफ सँड अँड फॉग'मधले कर्नल बेहरानी. इराण सोडून अमेरिकेत आलेला हा माजी अधिकारी दिवसा रस्त्यावर मजुरी करतो. घरी जाण्याआधी सूट चढवतो, कारण बायको-मुलांसमोर इज्जत राखायची असते. तो रागीट आहे, बायकोवर हातही उचलतो. त्याची बाजू घ्यावी असा हा माणूस नाही. पण मुलाला गोळी लागते तेव्हा तो अल्लाहपुढे ज्या प्रकारे हात पसरतो, ते पाहताना धर्म बाजूला राहतो आणि फक्त बाप दिसतो.

दुसरी, २०१३ च्या 'द फिजिशियन'मधले इब्न सीना. वैद्यकशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ युरोपातही शतकानुशतकं शिकवले गेले. चित्रपटाच्या कथेत कल्पनेचा भाग पुष्कळ आहे, पण इस्फहानमधला वत्सल, ज्ञानी उस्ताद म्हणून पाश्चात्त्य सिनेमात मुस्लिम शास्त्रज्ञ दिसावा, हे विरळच.

तिसरी सर्वांत मजेशीर. त्याच वर्षीच्या 'आयर्न मॅन ३'मध्ये किंग्जले लांब दाढीचा, अंगरखा घातलेला दहशतवादी होतात. टीव्हीवर येऊन अमेरिकेला धमक्या देतो. प्रेक्षक म्हणतात, चला, पुन्हा तेच. आणि मध्यावर कळतं की हा दहशतवादी नाहीच! तो इंग्लंडचा एक फसलेला, दारुडा रंगभूमीवरचा नट आहे. आपले उद्योग लपवण्यासाठी एका धनाढ्य माणसानं त्याला पैसे देऊन हा चेहरा उभा केलेला असतो. करमणुकीच्या सिनेमातली गंमत म्हणून सोडून देता येईल. पण भीतीचा एक ठरावीक चेहरा असतो आणि तो मुद्दाम तयार केला जातो, ही गोष्ट तिथे लहान मुलालाही कळेल अशी सांगितली आहे.

रिझवानची वेगळी वाट

'गांधी'चा पहिला खेळ दिल्लीत झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबर १९८२ रोजी, लंडनच्या वेम्बली भागात एक मुलगा जन्मला. आई-वडील कराचीहून आलेले. नाव रिझवान अहमद. आज जग त्याला रिझ अहमद म्हणून ओळखतं.

रिझनं रिझवानचं छोटं रूप केलं, पण अहमद सोडलं नाही. त्याची किंमतही मोजली. २००६ मध्ये ग्वांतानामोच्या कैद्यांवरच्या चित्रपटासाठी तो बर्लिनच्या महोत्सवाला गेला होता. तिथे चित्रपटाला पुरस्कार मिळाला, आणि परतताना त्यालाच विमानतळावर अडवून चौकशी झाली. हा अनुभव त्यानं २०१६ मध्ये एका निबंधात लिहिला. पण पुढच्या वर्षी त्याला एमी मिळाला, आणि २०२१ मध्ये 'साउंड ऑफ मेटल'साठी प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन. त्या विभागात नामांकन मिळालेला तो पहिला मुस्लिम.

२०१७ मध्ये त्यानं ब्रिटनच्या संसदेत भाषण करून पडद्यावर आपण कसे दिसतो हा प्रश्न मांडला. त्यातून स्फूर्ती घेऊन दोन अभ्यासकांनी 'रिझ टेस्ट' तयार केली. सिनेमात किंवा मालिकेत मुस्लिम पात्र आलं की पाच प्रश्न विचारायचे. ते दहशतवादाशीच जोडलेलं आहे का? विनाकारण चिडणारं आहे का? अंधश्रद्ध, मागासलेलं दाखवलंय का? पाश्चात्त्य जीवनपद्धतीला धोका म्हणून दाखवलंय का? पुरुष असेल तर बायकांचा द्वेष्टा, आणि स्त्री असेल तर पुरुषाच्या जाचाखाली पिचलेली आहे का? एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी पात्र नापास. घरात मुलांसोबत बसून पाहताना ही चाचणी लावून बघा. हिंदी, मराठी मालिकांनाही ती चालते.

इब्राहिम नावाचा म्हातारा

ऑगस्ट २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर 'द थर्सडे मर्डर क्लब' आला. इंग्लंडमधल्या एका वृद्धनिवासात राहणारे चार निवृत्त लोक जुन्या खुनांचा तपास करतात, अशी हलकीफुलकी गोष्ट. किंग्जले त्यात निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ आहेत. नीटनेटका, सभ्य, कागदपत्रांत रमणारा माणूस. त्याचं नाव आहे इब्राहिम अरिफ.

त्या नावावर गोष्टीत कुणी अडून बसत नाही. तो दहशतवादी नाही, पीडितही नाही, कुणाला उपदेशही करत नाही. मित्रांसोबत चहा-केक घेत खुनी शोधतो. रिझ टेस्टच्या पाचही प्रश्नांना इथे उत्तर 'नाही' असंच येतं.

हा चित्रपट आला तेव्हा किंग्जले ८१ वर्षांचे होते. विशीत ज्यांना आपलं नाव बाजूला ठेवून दार ठोठवावं लागलं, त्यांनी ऐंशी पार केल्यावर एका साध्या शेजाऱ्याचं काम केलं, आणि त्या शेजाऱ्याचं नाव इब्राहिम होतं. मधली साठ वर्षं आपोआप सरकलेली नाहीत. आधी नाव बदलून का होईना, आत शिरून स्वतःचं काम सिद्ध करणारी पिढी आली. नंतर नाव न बदलता उभी राहणारी पिढी आली. पहिलीला नावं ठेवून दुसरीचं कौतुक करता येणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'गांधी' लागला आणि मुलांनी तोच प्रश्न विचारला, तर त्यांना ही गोष्ट सांगा. झांझिबारच्या आजोबांची, डॉक्टर रहीमतुल्लांची आणि त्या ऑडिशनचीही. आणि नाटकात काम करायचंय असं एखाद्या सानियानं किंवा अयाननं घरी सांगितलं, तर पहिला सल्ला नाव बदलण्याचा देऊ नका. किंग्जले यांची स्ट्रॅटफर्डमधली ती पंधरा वर्षं आधी सांगा.